अनुमोदन न मिळालेला ठराव

“प्रतिष्ठित घरच्या बायका असल्या गोष्टी घरूनच उरकून निघतात,” ऑर्मरॉडसाहेब म्हणाले आणि सभागृहातल्या सत्तावीस मिशा एकदम हलल्या. रॅमस्केलच्या नगरपालिकेत हसण्याची पद्धत ही अशी.

अठ्ठाविसावी सभासद थर्झा क्लेग. तिला मिशी नव्हती, आणि हसूही आलं नाही. तीस वर्षं कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेली बाई. बायकांच्या मतासाठी मंत्र्याच्या खिडकीची काच फोडून दोनदा तुरुंगात जाऊन आलेली. तिथे तिने उपोषण केलं, ते मोडायला नाकात नळी खुपसली, तेव्हा तिने डॉक्टरचं बोट धरलं ते दातांत. तो बिचारा पुढे नऊ बोटांवरच पेन्शनीत गेला, असं गावात आजही शपथेवर सांगणारे आहेत.

तिचा ठराव एका ओळीचा होता. बाजारात बायकांसाठी मुतारी बांधावी. पुरुषांची तिथे पंचवीस वर्षं होती. हिरव्या फरशा, पितळी नळ, नवरदेव उतरवावा इतकी देखणी. बायकांसाठी भिंतीचा आडोसासुद्धा नव्हता. थर्झाची साच्यावरची जुनी जोडीदारीण एटी हॉलवर्थ त्या बाजारात पहाटेपासून दिवस कलेपर्यंत उभी राहून सॉसेज विकायची. बावीस वर्षं आवळून धरून तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती. हा हिवाळा असाच काढलास तर पुढचा बघायचा नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं.

“तो शब्द इतिवृत्तात येणार नाही,” नगराध्यक्ष म्हणाले. “आपण ‘सोय’ लिहू.”

“काहीही लिहा, साहेब. बांधा मात्र मुतारीच.”

आता फक्त अनुमोदन हवं होतं. दुसऱ्या कोणी उभं राहून ‘अनुमोदन’ म्हटलं नाही, तर ठराव चर्चेलाही न येता पडतो, असा नियम. किराणावाल्या बटरवर्थने रविवारी प्रार्थना सुटल्यावर छातीवर हात ठेवून तिला शब्द दिला होता.

तेवढ्यात ऑर्मरॉडसाहेब शेजाऱ्याकडे झुकले आणि अगदी हलक्या आवाजात काही बोलले. इथेच ते चुकले.

साचेखात्यात आठशे साचे एकदम धडधडतात. तिथे तोफ सुटली तरी शेजारणीला पत्ता लागत नाही. म्हणून साचेवाल्या बायका ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी भांडते, रडते, समेट करते, आणि तोंडातून आवाज फुटत नाही. गिरणी ऑर्मरॉडसाहेबांचीच, पण वडिलांमागे ते बसले ते थेट कचेरीत. साचेखात्यात त्यांनी पाऊल टाकलं असेल तर फोटोपुरतं.

थर्झाने त्यांचे ओठ वाचले. मग उभी राहून तिने ते शब्द सबंध सभेला खणखणीत ऐकवले.

“‘बडबडू दे म्हातारीला. बटरवर्थ उठायचा नाही. कोपऱ्यावरची दुकानाची जागा दिलीय त्याला. आणि त्या सॉसेजवालीला एवढीच घाई असेल, तर बादली घेऊन बस म्हणावं.’ बरोबर ना, साहेब?”

ऑर्मरॉडसाहेबांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला. “मी बोललोच नाही असं काही.”

“वर विचारा.”

वर सज्जात चाळीस साचेवाल्या बसल्या होत्या. मंदीमुळे गिरण्या आठवड्यात तीनच दिवस चालत, त्यामुळे सवड होती. चाळिसांनी माना डोलावल्या.

“ऐकू न आलेलं इतिवृत्तात येत नाही,” नगराध्यक्ष म्हणाले. “अनुमोदन आहे का?”

सगळे बटरवर्थकडे बघायला लागले. बटरवर्थ बुटाची नाडी बघायला लागला.

“बटरवर्थभाऊ,” थर्झा म्हणाली, “रविवारी शब्द दिला होतात.”

“पोट बिघडलंय हो, थर्झाबाई. उठवत नाही.”

“ठराव पडला,” नगराध्यक्ष म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. नगरपालिकेच्या घोड्यांना नवा हौद.

काच फोडली तेव्हाच्या रागात थोडी मजा होती. आजचा राग गार होता, हाडांत उतरणारा. मत मिळवलं, खुर्ची मिळवली, आणि एवढं करून हे एटीला बादली दाखवतात. घोड्यांना मात्र हौद. थर्झाने मान वर केली आणि सज्जाकडे बघून ओठ हलवले. खालच्या सत्तावीस जणांना एक अक्षर कळलं नाही. वरच्या चाळीस जणी उठल्या.

पाच मिनिटांत पुरुषांची मुतारी बायकांच्या ताब्यात होती. आतले दोघे बटणं लावत असे पळाले की एक थेट शेजारच्या गावात जाऊन थांबला. थर्झा छत्री घेऊन दारात उभी राहिली.

“एटी, पहिली तू.”

“अगं, पुरुषांची आहे ती. लोक काय म्हणतील?”

“लोकांकडे मी बघते. तू जा गं बाई.”

रांग बाजाराला दोन वेढे घालून गेली. जिला लागली नव्हती तीही तत्त्व म्हणून उभी राहिली. दुपारी सभा सुटली आणि जेवणावर बिअर पिऊन तुडुंब झालेले सभासद तिथे आले. ऑर्मरॉडसाहेब या पायावरून त्या पायावर होत राहिले. शेवटी त्यांनी पोलीस बोलावला आणि आखूड पावलांनी घराकडे निघाले.

पोलिसाची आईच रांगेत चौथी होती, म्हणून तो सावकाश आला आणि त्याने थर्झाच्या बाहीवर हात ठेवला. “थर्झाबाई, चला आता. यापायी खुर्ची जाईल हो तुमची.”

“जाईल,” ती म्हणाली. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत खुर्ची गेलीच, एकोणीस मतांनी. “पण जरा थांब, बाळा. तिकडे बघ.”

तिकडे एटीने शेजारणीच्या किटलीतून चहा ओतून घेतला होता. बावीस वर्षांत बाजारात तिला पाण्याचा घोटही घेताना कोणी पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांत कप धरून, भर दुपारी, चारचौघांत ती सावकाश चहा प्यायली. मग तिने दुसरा ओतला.

पोलिसाने थर्झाच्या बाहीवरचा हात काढून घेतला. दुसरा कप संपेपर्यंत दोघंही तिथेच उभी राहिली.