चोपन्न किलोमीटर, जागच्या जागी

साडूभाऊ, तुम्ही चष्मे पुसत राहा, मी बोलतो. पाणी नको. दुकानात गिऱ्हाईक येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. ऐकून म्हणाल, म्हातारा कामातून गेला. म्हणा, पण शेवटपर्यंत ऐकून म्हणा.

आमच्या हिचं, म्हणजे तुमच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं, बायपास झालं. टाके भरले. डॉक्टर म्हणाले, आता व्यायामाचा वर्ग. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा. हयगय केली तर पुन्हा इथेच भेटू.

वर्ग म्हणजे दवाखान्याच्या तळमजल्यावरची एक खोली. बायकांची वेळ वेगळी, पण सोबतीला घरचं एक माणूस चालतं. छातीला तारा चिकटवायच्या, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर अर्धा तास चालायचं, शेजारी पडद्यावर ठोके दिसतात. पहिल्याच दिवशी आमची ही पट्ट्यावरून खाली उतरली.

"जायचंय कुठे?"

शिकवणारी पोरगी म्हणाली, "कुठेच नाही मावशी. नुसतं चालायचं."

"मग कशाला चालू? बिनकामाची मी जन्मात चालले नाही."

पोरगी मला हळूच म्हणाली, "काका, बऱ्याच बायका अशाच सोडून जातात." मी तीस वर्षं बस चालवली, तीही तुमच्याच गावाच्या रस्त्यावर. तोंडातून निघून गेलं, "समज, धाकटीकडे निघालीस. चोपन्न किलोमीटर. एका वेळी दीड."

हिनं पर्स खांद्याला अडकवली आणि पट्ट्यावर चढली.

तेव्हापासून डोक्याला ताप! मी बाजूला स्टुलावर बसून थांबे पुकारायचो. पूल आला, पेट्रोल पंप आला. मी "चढ लागला" म्हणालो की पोरगी बटण दाबून पट्टा खरंच वर उचलायची. शेजारच्या पट्ट्यावरच्या शिंपीणबाई दुसऱ्या आठवड्यात सोबत निघाल्या. म्हणे, "एवढ्या लांब एकटीला कसं सोडायचं?"

एकदा सवयीनं बोलून गेलो, "रेल्वे फाटक पडलंय." दोघी ओरडल्या, "अगं थांबव, थांबव!" पोरीनं दोन्ही पट्टे बंद केले. मला विचारते, "काका, किती वेळ?"

"मालगाडी आहे."

खरं सांगतो, डबे जाईपर्यंत आम्ही चौघं भिंतीकडे बघत उभे होतो.

घरी तर कहर. चहा मागितला तर म्हणते, "मी घरी आहे कुठे? एकविसाव्या किलोमीटरला आहे. प्रवासात कोणी स्वयंपाक करतं का?" बारा आठवडे चूल माझ्याकडे आहे. हात बघा, किती ठिकाणी पोळलेत.

हसून घ्या. पुढे हसण्यासारखं नाही.

चाळिसावा किलोमीटर ओलांडला आणि ही म्हणाली, "धाकटी मला बघायला आली नाही. मीच जाते. दार उघडते का बघू." ऑपरेशनला आत नेताना हिनं सांगितलं होतं, धाकटीला फोन करा. मी सह्या करत धावत होतो, राहून गेलं. पंधरा दिवसांनी तुम्हाला भलत्याच माणसाकडून कळलं. तुमच्या बायकोनं बोलणं टाकलं, तिचं तरी काय चुकलं? आणि इकडे हिला वाटत होतं, कळूनही आली नाही. मी दोन्हीकडे तोंड शिवून बसलो.

काल सांगितलं हिला. पट्ट्यावर असतानाच. पडद्यावर ठोके असे चढले की पोरगी धावत आली, पट्टा हळू केला, मला स्टुलासकट बाहेर काढलं. ठोके उतरल्यावर ही आतून ओरडली, "घरी गेल्यावर बघते तुमच्याकडे. आत्ता वाटेत आहे." आणि चालायला लागली.

साडेबावन्न झालेत, साडूभाऊ. उद्या शेवटचा दिवस. अकराच्या ठोक्याला ती तुमच्या दारात पोहोचते. म्हणते, दार उघडलं नाही तर पुन्हा एक पाऊल टाकणार नाही. तिला मी ओळखतो. खरंच टाकणार नाही.

पट्ट्यासमोर सामानाच्या खोलीचं दार आहे, तेच उद्या तुमचं दार. पोरीनं आतले चेंडू, वजनं बाजूला सारून एक खुर्ची ठेवलीय. उद्या साडेदहाला तुमच्या बायकोला तिथे आणून बसवा. मला पोटभर शिव्या देऊ दे, आतूनच. फक्त कडी वाजली की तेवढं दार उघडायला सांगा.