पायाळू केसर

"दमानं गो काकी! कंबर माझी हाय, मिठागराचा बांध न्हाय!"

ओटीवर पालथा पडलेला विठोबा कळवळला. केसरने ऐकलं नाही. कोमट तेलात बुडवलेला डावा पाय तिने त्याच्या कमरेवरून ओढला, टाचेने दाबला आणि म्हणाली, "ऊठ आता."

विठोबा उठला की! दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत आलेला गडी हसत मिठागराच्या वाटेला लागला.

केसर पायांकडून जन्मली, म्हणून तिच्या पायाला उसण उतरवायचा गुण, हे उरणजवळच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण केसर चारचौघांसारखी डोक्याकडूनच जन्मली होती. आईने मरताना तिला सांगितलं. विधवेच्या पोरीला कुणी हिडीसफिडीस करू नये म्हणून आईने थाप मारली, सुईण असलेल्या मावशीने ती उचलून धरली आणि गावाने डोक्यावर घेतली.

देशाला स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाली, केसरला काही मिळालं नाही. मिठाचे दिवस लागले की तिला कुठे हलता येत नसे. यंदा किहीमला दिलेल्या लेकीचं, मैनाचं दुसरं बाळंतपण, तिच्या घरात सासू अंथरुणाला खिळलेली. "आये, तू ये," असा लेकीचा निरोप आलेला. गावकरी म्हणाले, "हंगाम सरू दे, मग जा." आता बाळंतपण काय हंगामाला विचारून येतं?

वैतागून तिने आपल्या जिवाभावाच्या सोनूबाईला खरं सांगून टाकलं होतं. म्हटलं, हिच्या तोंडून गावाला कळेल, आपण सुटू. सोनूबाई तेव्हा हसली. पण पुढे तिची कंबर धरली, तेव्हा तोच पाय, तेच तेल. केसरने जीव तोडून चोळलं, तरी एरवी टुणकन उठणारी सोनूबाई उठलीच नाही. तेव्हापासून ती वाकून चालते. मिठागरावरचं काम सुटलं. पण गावात तिने चकार शब्द काढला नाही.

विठोबा गेला तशी केसरने बोचकं काखेला मारलं. व्हायचं ते होऊ दे! आज सगळ्यांना सांगायचं आणि खाडीपलीकडे लेकीकडे जायला रेवसचा मचवा गाठायचा.

तोच दारात सोनूबाई. स्वतः वाकलेली, वर कमरेत मोडलेल्या सदाला, आपल्या लेकाला, आधार देत आलेली.

"उसण भरली गो याला. लाव पाय."

केसर भडकली. "तुला ठाऊक हाय ना सगलं? मग याला कशाला आणलंस? आज मी सांगतेच..."

"काय सांगतेस गो मावशी?" सदा कण्हत म्हणाला.

सोनूबाईने कमरेवर हात ठेवून मान वर केली. डोळे भरून आले होते तिचे.

"सांगते, का तिच्यावाणी पायाळू आख्ख्या कुलाब्यात न्हाय," ती म्हणाली. "झोप पालथा."

केसरचा राग कुठल्या कुठे गेला. तिने बोचकं खाली ठेवलं आणि तेल कोमट केलं.

"गेली गो मावशी! पार गेली!" सदा उठला आणि ताठ चालत मिठागराकडे गेला.

ओटीवर टेकलेल्या सोनूबाईला मात्र उठवेना. केसरने तिला हात दिला. मचवा केव्हाच सुटला होता. तिने बोचक्याची गाठ सोडली, नातवंडाच्या दुपट्यासाठी ठेवलेलं जुनं, मऊ लुगडं काढलं आणि सोनूबाईच्या कमरेला घट्ट बांधलं.