बदाम अठ्ठी, इस्पिक अठ्ठी

“तुम्ही दोघं वेगळे होणार आहात का?” कृत्तिकानं विचारलं, आणि आई-बाबांचे पत्ते झाले.

आईची बदाम अठ्ठी, बाबांची इस्पिक अठ्ठी. जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याशेजारी दोघं उताणे पडले होते. कृत्तिकानं कडांना लागलेलं वरण रुमालानं टिपलं आणि त्यांना हातात घेतलं. विचारायची पैज शाळेतली. मधल्या सुट्टीत वर्गातली शमिका म्हणाली होती, “इथं वाघीण, घरी गेलीस की मनीमाऊ! विचारून दाखव ना.” निलोफरनं वेळही ठरवून दिली होती: आज दुपारी दोनच्या आत. विचारलं तेव्हा दोनला पाच मिनिटं होती.

बेल वाजली. आईचा भाऊ दिनूमामा आणि बाबांची बहीण शैलाआत्या चपला काढून आत आले, हात धुऊन टेबलाशी बसले. मामानं खिशातून उरलेला कॅट काढून पिसला. दोन पानं आत्याला, दोन स्वतःला. कृत्तिकाची दोन तिच्या हातात होतीच.

“पोकर येतं ना गं भाचीबाई? हरलीस तर ताई माझ्याकडे, तुझा बाप हिच्याकडे.”

“आणि जिंकले तर?”

“तर राहा तिघं इथंच.”

ऑफ तासाला चिंचोके लावून ती हेच खेळायची. इथं खोल्या लागत होत्या. आत्यानं तिच्या घराचा माळा ठेवला, मामानं त्याची बाहेरची खोली. काडेपेटीएवढी, आत पंखा फिरत होता. मध्ये सगळ्यांसाठी तीन पानं उघडण्याआधी कृत्तिकाला आपण काय लावणार ते बोलायचं होतं.

अठ्ठ्यांची जोडी म्हणजे धड मोठी नाही, धड लहान नाही. आत्ता, या क्षणी ती बहुधा पुढे होती. पण अठ्ठीच्या वर सहा पानं असतात, नव्वीपासून एक्क्यापर्यंत, आणि तीन उघडली की त्यातलं एखादं कुणाच्या तरी हातातल्याशी जुळू शकतं. शमिका नेहमी म्हणायची, “थोडंच लावून स्वस्तात बघ, तिसरी अठ्ठी येईल.” ती आठ-नऊ डावांत एकदा येते. निलोफर म्हणायची, “उघडायच्या आत दाबून लाव. उघडली की उशीर झाला.”

ती विचार करत राहिली तशी खोली आखडत गेली. खुर्चीची पाठ भिंतीला टेकली.

“ठेव की बाल्कनी,” मामा म्हणाला. “तेवढ्यात भागतंय.”

“किंवा टाक पानं खाली, लाडके,” आत्या म्हणाली. “हात अवघडला असेल.”

कृत्तिकानं हाताकडे पाहिलं. अंगठा चपटा झाला होता आणि नखावर पत्त्यावरच्यासारखी एक लाल चौकट उमटली होती. दुसरी मनगटावर होती. तिनं मोजल्या. पाच.

“तिसरी अठ्ठी कुठंय ते कळलं ना?” मामानं कॅट पुढे केला. “बाल्कनी लाव आणि ये यात. निघालीस वर तर निघालीस.”

“मग पानं कोण धरणार?”

मामानं कॅट मागे घेऊन पुन्हा पिसायला सुरुवात केली.

“पत्ता झालं की काही वाटत नाही गं,” आत्या हळूच म्हणाली.

सहावी कोपरावर आली. कृत्तिकानं बाल्कनी उचलून मध्ये ठेवली. मग हात तसाच चालू ठेवला. स्वयंपाकघर ठेवलं, गॅसवरच्या दुधासकट. न्हाणीघर. आई-बाबांची खोली, जिथली मधली उशी महिनाभर कुणी हलवली नव्हती. शेवटी स्वतःची, भिंतीवरच्या वेळापत्रकासह. मामाचं पिसणं थांबलं. आत्यानं आपली दोन पानं तळहाताखाली झाकली.

अठ्ठ्या तिच्या चिमटीत पाठीला पाठ लावून होत्या. तिनं त्यांना समोरासमोर केलं. गळ्याशी सातवी चौकट उमटत होती, आणि आवाज अजून तिचा होता.

“आई, बाबा,” ती म्हणाली, “मी तिसरीची वाट बघणार नाही. सगळं घर आत्ताच लावतेय. हलू नका.”