हामेदीची चेष्टा

बाकेल गावात हामेदी बाथिलीच्या तोंडाला कोणी लागत नसे. शाळा सोडली ती मास्तरांशी भांडून. नदीकाठी मासे विकणारी सोखोनाकाकू दिसली की हा सुरू.

“काय गं माझे गुलामे, चवळी खाऊन आलीस?”

“तुझ्या पणज्याला माझ्या आज्यानं बाजारातून विकत आणलं, मेल्या! चल, टोपली उचल!”

दोघांच्या कुळांत पिढीजात चेष्टेचं नातं: एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. एक दिवस शिवी नाही घातली तर काकू रुसायची.

युवक केंद्रात गुरुवारी दुपारी सालिमाताबाई समाजशास्त्र शिकवायच्या. फुकट होतं, वर पंखा होता, म्हणून हामेदी आणि त्याचा दोस्त माखान जाऊन बसायचे. एकदा बाई म्हणाल्या, “समाज काही लांब नसतो. आपण जिथं ‘असंच असतं’ म्हणतो ना, तिथं थांबायचं. हे कुणाच्या सोयीचं, विचारायचं. आठवडाभर चेष्टा लिहून आणा. कोण काय बोललं, उलट काय आलं.”

हामेदीनं चार पानं भरली, आणि माखानपाशी हात अडला. त्याला तो दिवसातून दहादा ‘ए गुलामा’ म्हणायचा. उलट काय यायचं? काहीच नाही. माखान नुसता हसायचा.

माखानचे पणजोबा खरोखरच बाथिलींचे गुलाम होते. गावाला ठाऊक, हामेदीलाही ठाऊक. अजून बाथिलींकडे कार्य निघालं की बकरा कापायला माखान आणि चुलीपाशी त्याची आई कुंबा. त्या घराशी चेष्टेचं नातं कधी नव्हतंच.

हामेदीची कानशिलं तापली. पण गप्प बसेल तर तो हामेदी कसला? एका फटक्यात सगळं सरळ करायचं त्यानं ठरवलं.

शनिवारी हामेदीच्या घरी बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. अंगणात चटयांवर म्हातारी मंडळी बसलेली. माखान बकरा सोलत होता.

“ए माखान, आज उलटून बोल! म्हण, हामेदी माझा गुलाम.”

“नको रे.”

“म्हण की! घाबरतोस काय बायकांसारखा?”

माखाननं सुरी खाली ठेवली. “हामेदी, तू माझा गुलाम.”

हामेदी हसला. एकटाच.

हामेदीच्या आजोबांनी काठी आपटली. “कुंबा! हेच शिकवलंस पोराला?”

कुंबा चुलीपासून धावत आली, हात पिठाचे तसेच, आणि आजोबांच्या पायाशी बसून माफी मागू लागली. ‘मीच म्हणायला लावलं,’ एवढंच हामेदीला सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

संध्याकाळी तो माखानच्या घरी गेला. “काकी, चूक माझी—”

“हळू बोल बाबा, कोणी ऐकेल!” कुंबा दचकून उठली. लेकीला स्टूल आणायला पिटाळलं, स्वतः पाणी घेऊन त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली.

“इथं कशाला बोलतोस?” माखान भिंतीकडं बघत म्हणाला. “बोलायचं तिथं बोलला नाहीस. जा आता. तू आहेस तोवर आईला धड बसताही येत नाही.”

हामेदी घरी आला. आजोबा म्हाताऱ्यांबरोबर चहा पीत होते. तो उभ्या उभ्याच म्हणाला, “आजोबा, मीच त्याला म्हणायला लावलं. कुंबाकाकीची काही चूक नव्हती.”

“मग?” आजोबा हसले. “आम्ही काय बहिरे आहोत? सगळ्यांनी ऐकलं की. पण माफी त्यांनीच मागायची, असंच असतं. बस, चहा घे.”

त्यांनी सरकून जागा केली. हामेदी तिथंच बसला. पेला पुढं आला. हात लावायची त्याला लाज वाटली, आणि परत करायची हिंमत होईना.