पडणं हे माझं काम

मित्रांनो, मी अडथळ्यांच्या शर्यतीतला एक जुना हर्डल आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की सुस्कारे टाकतात, असं तुम्ही वाचलं असेल. मला ते जमणार नाही. मला दोन पाय आहेत, दोन खांब आहेत आणि वर एक लाकडी फळी आहे, आणि त्या फळीवर आत्ता कुणीतरी गाडी पुसायचं ओलं फडकं वाळत घातलं आहे. दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी उभा आहे. दुसऱ्याच्या जागेत कुणी गाडी घुसवू नये म्हणून मला आडवा घालतात. रखवालदार मला 'स्टँड' म्हणतो, मुलं 'वो लोहेवाला' म्हणतात. माझं खरं नाव इथे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून म्हटलं, एकदाचं सांगून टाकावं.

माझा जन्म मुनिरक्याचा. तिथल्या एका अरुंद गल्लीत खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्याचं दुकान होतं. वरच्या खोल्यांत परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं भाड्याने राहायची आणि खाली दिवसभर लोखंड ठोकलं जायचं. त्या दुकानात एके दिवशी हेमलता मॅडम आल्या. त्या जवळच्याच मुलींच्या कॉलेजात धावण्याच्या प्रशिक्षक होत्या. मूळच्या सांगलीच्या, पण यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून संसार दिल्लीत. त्यांच्या मुली धावायच्या, रिलेत बॅटन घेऊन पळायच्या, पण कॉलेजात हर्डल नावाची वस्तू नव्हती. विटांवर बांबू ठेवून त्यावरून मुलींनी सराव करायचा. मॅडमनी मागणी केली की प्राचार्या म्हणायच्या, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही उगवेना. शेवटी मॅडमनी वर्गातले मोडके बाक मागून घेतले, ते टेम्पोत घातले आणि त्या मुनिरक्यात येऊन थडकल्या.

म्हणजे मी आधी बाक होतो. माझ्या फळीच्या एका बाजूला अजूनही कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं फूल आहे.

"दोनों पैर एक ही तरफ?" वेल्डिंगवाला वैतागून म्हणाला. "मैडम, धक्का लगा तो गिर जाएगा."

"गिरना ही चाहिए, भाईसाहब. उसी का काम है."

"मैं तो ऐसी चीज़ें बनाता हूँ जो गिरें नहीं," तो पुटपुटला, पण त्याने मला आणि माझ्या भावंडांना सांगितल्याप्रमाणे बनवलं.

मित्रांनो, एवढं मात्र नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण यावरच आहे. मला ठेवताना माझे पाय धावणारीच्या बाजूला यायला हवेत. मग तिचा पाय फळीला लागला तर मी मुकाट्याने पुढे कोलमडतो आणि ती सुखरूप निघून जाते. मला उलटा ठेवला तर माझे पाय पलीकडच्या बाजूला जमिनीला घट्ट टेकून बसतात. मग कितीही आपटा, मी ढिम्म हलत नाही. तेव्हा मी हर्डल नसतो, भिंत असतो.

मॅडमची एक पद्धत होती. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला धावू द्यायचं नाही. तिला माझ्यासमोर उभं करायचं आणि हाताने मला पाडायला लावायचं. प्रणिता आली तेव्हाही तसंच झालं. ती अकरावी-बारावीत नुसती सरळ धावलेली होती आणि माझ्याकडे बघूनच तिची पाचावर धारण बसली होती. तिचे बाबा दत्तात्रयराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, घरी मराठी बोलणारी माणसं, त्यामुळे मॅडम तिच्याशी मराठीतच बोलायच्या.

"अगं, भितेस काय त्याला? ढकल."

प्रणिताने बोटं टेकवली. मी पडलो.

"बघितलंस? हा पडतो. तू नाही पडायचंस. बिल्कुल विसरायचं नाही हे."

त्यानंतर तिने मला इतक्यांदा पाडलं की माझी फळी कोपऱ्यात पिंजून गेली. मला त्याचा अभिमान वाटायचा. मॅडम ओरडायच्या, उडी मारू नकोस, धावतच ओलांड, फळीला चाटून जा. हळूहळू प्रणिता खरंच चाटून जाऊ लागली. तिच्या बुटाचा वारा माझ्या फळीला लागायचा आणि मी जागच्या जागी थरथरायचो. मानेसरकडच्या गावातून बस बदलत येणारी कौशल्या मात्र धावत यायची आणि मला उडवून द्यायची. तिच्या गावच्या शेतांवर कारखाने येणार अशी तेव्हा बोलवा होती. "मैम, इसको हटा दो, मैं सीधा भाग लूँगी," असं ती म्हणाली, तेव्हा मॅडमनी हात जोडले आणि तिला रिलेच्या शेवटच्या टप्प्यावर घातलं. तिथे ती वाघीण होती.

पण सुखाने सराव करू देतील तर शपथ. आज मैदानावर कुणाच्या लग्नाचा शामियाना, उद्या नेत्याची सभा, परवा खड्डेच खड्डे. फक्कीने मारलेल्या रेघा क्रिकेटवाले पुसून टाकायचे. मुलींनी आखूड पँट घातली की कुंपणापलीकडे रिकामटेकड्यांची रांग लागायची आणि तंबी मिळायची ती मुलींना. मॅडम सगळ्यांशी भांडायच्या. भांडून भांडून त्यांचा घसा कायमचा बसला होता.

त्यांची आणखी एक सवय होती. कुठलीही शर्यत असो, आधी आमच्या रांगांमधून चालत जायचं आणि प्रत्येकाला एका बोटाने ढकलून बघायचं. हललो की पुढे जायचं. ते बोट लागल्याशिवाय मला शर्यत सुरू होतेय असं वाटायचंच नाही.

मग ते वर्ष आलं. दिल्लीत तेव्हा दर महिन्याला नवीन काहीतरी विकायला यायचं. घरोघरी केबल आली होती, यमुनेपलीकडे सोसायट्या उठत होत्या आणि त्या नव्या फ्लॅटांत वॉशिंग मशीन विकायला कंपन्या धावत होत्या. अशाच एका कंपनीने आमच्या आंतरकॉलेज स्पर्धेला पैसे दिले. प्राचार्या हरखून गेल्या. कंपनीच्या पेंटरने आमच्या फळ्यांच्या गुळगुळीत बाजूवर, म्हणजे पायांच्या बाजूला, लाल अक्षरांत कंपनीचं नाव रंगवलं. मला ते रंगवणं मुळीच आवडलं नाही, पण विचारतो कोण.

प्रणितासाठी ती शर्यत म्हणजे सर्व काही होतं. दत्तात्रयरावांनी स्वच्छ सांगितलं होतं, "विद्यापीठाच्या टीममध्ये नाव आलं तर खुशाल पळ. नाही आलं तर बूट खुंटीला टांगायचे आणि अभ्यासाला बसायचं." जी पहिली येईल तिचंच नाव जाणार होतं.

त्या सकाळी कंपनीचा गौरव नावाचा तरुण माणूस आला. गळ्यात टाय, कमरेला पेजर. पाहुण्यांचा शामियाना शर्यतीच्या शेवटच्या टोकाला बांधला होता, कारण फोटोवाल्यांना मुलींचे चेहरे समोरून हवे होते. गौरव तिथे उभा राहिला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिथून आमच्या पाठी दिसत होत्या आणि नाव दिसत नव्हतं.

"अरे यार, नाम तो उधर है. चीफ गेस्ट क्या देखेंगे? सबको घुमा दो."

शामियानावाल्याच्या माणसांनी आम्हाला एकेक करून फिरवलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. माझ्या पायांना कळत होतं की आपण चुकीच्या दिशेला आहोत. मॅडम येतील, बोट लावतील, मग सगळं सरळ होईल, असं मी स्वतःला समजावत होतो.

मॅडम आल्याच नाहीत. प्राचार्यांनी त्यांना पाहुण्यांच्या स्वागताला उभं केलं होतं. कौशल्यासारख्या रिलेच्या वाघिणीला साडी नेसवून तिच्या हातात आरतीचं ताट दिलं होतं. मॅडम दोनदा म्हणाल्या की मला ट्रॅकवर जायचंय, आणि दोन्ही वेळा उत्तर मिळालं, "बस दो मिनट, हेमलताजी, गेस्ट आ ही रहे हैं." पाहुणे आले, हार झाले, बँड वाजू लागला, आणि तेव्हा कुठे मॅडमनी मान वळवून ट्रॅककडे पाहिलं.

त्यांना आमच्यावरचं नाव वाचता आलं. लाल अक्षरांतलं, अगदी स्पष्ट. ते नाव शेवटाकडून वाचता येतंय याचा अर्थ त्या क्षणी साऱ्या मैदानावर एकट्या त्यांनाच कळला.

त्या धावत सुटल्या. पायात साडी अडकत होती, बसलेल्या घशातून आवाज फुटत नव्हता आणि बँडवाले जोरात होते. तेवढ्यात पिस्तुलाचा बार झाला.

प्रणिता सुरेख धावली. तिची नजर फळ्यांवर होती, आमच्या पायांकडे बघायला धावणारीला सवड कुठली. पहिला, दुसरा, तिसरा, एकेक भावंड ती चाटून जात होती आणि सगळ्यांच्या पुढे होती. मी शेवटून दुसरा होतो. ती माझ्याकडे आली तेव्हा दमली होती, पाय जरासा खाली राहिला. तसा तो सरावात कितीदा राहायचा, मी पडायचो आणि ती पुढे जायची. ती भ्यायली नव्हती, कारण मी पडतो हे तिला ठाऊक होतं.

मी पडलो नाही.

ती पडली. गुडघा आधी माझ्या फळीवर आणि मग जमिनीवर आपटला. मॅडम पोचल्या तेव्हा ती माझ्या शेजारीच मातीत होती. ती रडत नव्हती. तिने मॅडमकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, हा पडतो."

मॅडम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

नंतर मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की हर्डल उलटे ठेवले होते. गौरव म्हणाला, "मैम, हर्डल में क्या उल्टा, क्या सीधा? सामान ही पुराना था." प्राचार्यांनी मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझी सगळी भावंडं भंगारात गेली. कंपनीने नवे चकचकीत हर्डल दिले आणि ते खराब होतील म्हणून कोठीत कुलूपबंद राहिले. मला मात्र मॅडमनी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून खाली ओढलं.

"हा द्यायचा नाही. याची काही चूक नव्हती," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला तिथे मराठी समजणारा मीच होतो.

अशा रीतीने मी यमुना ओलांडून इथे, मॅडमच्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत आलो. पुढे यजमानांना कुंड्यांसाठी जागा हवी झाली, मग मी पार्किंगमध्ये उतरलो. इथे माझी आणखी एक विटंबना झाली. मी वाऱ्याने पडतो, अशी तक्रार आली, म्हणून रखवालदाराने माझ्या पायांवर विटा रचल्या. मित्रांनो, विचार करा. ज्याचा जन्मच पडण्यासाठी, त्याच्या पायावर विटा. वर्षं गेली, पलीकडे मेट्रो सुरू झाली, गाड्या दुप्पट झाल्या आणि मी उभाच राहिलो.

मागच्या महिन्यात मेट्रोने प्रणिता आली. आता ती एका सरकारी कार्यालयात अधिकारी आहे, जिना उतरताना एक पाय जपून टाकते. सोबत तिची मुलगी स्वरूपा होती. शाळेच्या टीममध्ये तिला हर्डल धावायचे आहेत आणि आई नको म्हणते, असा तिढा होता. मॅडमनी लेकीची समजूत काढावी, म्हणून प्रणिता तिला घेऊन आली होती. मॅडमनी समजूत काढली नाही. म्हाताऱ्या झाल्यात, पण हट्ट तोच. त्या दोघींना घेऊन सरळ खाली माझ्यापाशी आल्या.

प्रणिता थबकली. "हाच तो?"

"हाच."

"मॅडम, उलटे ठेवले होते हे मला कळतं हो. पण गुडघ्याला कोण समजावणार? हिला घरातून पाठवायचं म्हटलं तरी माझे हात गार पडतात."

मॅडमनी वाकून विटा उचलायला सुरुवात केली, तेव्हा प्रणिताने त्यांना बाजूला केलं आणि उरलेल्या विटा स्वतः काढल्या. मग तिने मला दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं. पाय लेकीच्या बाजूला.

"आई, हा खरंच गिरतो का?" स्वरूपाने विचारलं.

प्रणिताने माझ्या फळीवरून हात फिरवला. लाल रंगाचे पोपडे अजून थोडे शिल्लक आहेत. मग ती लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने बोटं पुढे केली. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. इतका गंज चढलाय, ऐन वेळी अडलो तर?

तिने ढकललं आणि मी पडलो. साऱ्या पार्किंगमध्ये असा खणखणाट झाला की रखवालदार धावत आला आणि दोन गाड्यांचे भोंगे वाजू लागले.

त्या गोंगाटात प्रणिता डोळे पुसत लेकीला म्हणाली, "बघितलंस? पडतो. आता तू ढकल."

मित्रांनो, मला नवा रंग नको, हार नको, कुणाचं नाव तर मुळीच नको. तुमच्या मैदानावर माझा एखादा भाऊबंद दिसला तर त्याचे पाय कुठल्या बाजूला आहेत एवढं बघा, आणि त्याला एक बोट लावून मगच तुमच्या बहिणीला, मैत्रिणीला धावू द्या. बघायला आलेल्यांना काय दिसतंय, ते नंतर पाहता येईल.

रखवालदाराने माझ्या पायांवर विटा परत ठेवल्या आहेत. पण दर रविवारी स्वरूपा येते, विटा काढते आणि मॅडम मला गेटाबाहेरच्या पार्कात नेतात. आज रविवार आहे. ती एवढ्यात येईल. तेवढं हे ओलं फडकं कुणीतरी उचला.