सान्शिनच्या कातड्याचा राग

मी एक जुने कातडे आहे, मित्रांनो, अजगराचे. आणि मला फार राग आला आहे. तो गिळून गोड बोलण्याचे माझे वय राहिले नाही.

अजगराच्या अंगावर होते तेव्हा माझा वरचा पापुद्रा जुना झाला की अजगर तो कात म्हणून टाकून देई. खाली नवा तयारच असे. ओकिनावाच्या कारागिराने मला भिजवले, पाचरी ठोकून ताणले आणि सान्शिनवर, म्हणजे त्यांच्या तीन तारांच्या वाद्यावर, चढवले. तेव्हापासून माझ्याखाली नुसती पोकळी आहे.

झेनशो उसाच्या शेतातून येऊन हातपाय धुई आणि मला वाजवी. त्याची बायको नाबे गाई. वाजवून झाले की तारांखालचा घोडा, म्हणजे तारा उचलून धरणारी माझ्यावरची छोटी पट्टी, तो आडवा करी. "घोडा निजला, आता आपण," म्हणे. तेवढ्याने माझ्यावरचा ताण उतरे. चाळीस वर्षांत मी कुठे चिरले नाही.

झेनशो गेला. मुलाने, मोरिनोबुने, मला बैठकीतल्या शोभेच्या कोनाड्यात उंचावर ठेवले. तारा ताणलेल्या, घोडा उभा, वरून एसीचा कोरडा वारा. नाबेचा हात तिथवर पोहोचत नसे.

"अरे, घोडा निजव."

"आई, आडवा घोडा मेल्यासारखा दिसतो. पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांचं सोड, कातडं काय म्हणतंय ते ऐक."

"माझी हाक ऐकू येत नाही, कातड्याची बरी येते!"

घरातले सगळे हसत. अशी तीन वर्षे गेली.

नाबेला एकच हवे होते. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवशी गावासमोर नवऱ्याच्या सान्शिनवर पहिले गाणे गायचे. तो दिवस आला. मोरिनोबुने मला खाली काढले, सूर लावायला तार आणखी पिळली आणि मी फटाक्यासारखे फाटले.

"शेवटी सापाचीच जात! ऐन वेळी दगा दिला," तो म्हणाला.

दगा? मी?

"त्याला बोल लावू नकोस," नाबे म्हणाली. "बापाने रोज निजवलेला घोडा तू तीन वर्षं उभा ठेवलास."

"प्लास्टिकचं बसवू, आई. ते फाटत नाही."

"बसव. पण आज काय?"

ती एकटीच गायली. ओळ संपली की झेनशो वाजवी, त्या जागी ती सवयीने थांबली. काहीच वाजले नाही. मग तिने पुढची ओळ घेतली.

मित्रांनो, मानाच्या जागी ठेवले म्हणजे सांभाळले असे नव्हे. ज्याच्याकडून काम घेता, त्याला विसावा द्या. आणि तुमच्या हातून फाटलेच, तर निदान त्याची जात काढू नका.