उभा अंबाडा

भवानीनगरात माझं पार्लर हाय आन माझ्या तोंडाला कुलूप न्हाय. "रेश्मा, हे जमंल का?" असं कुणी इचारलं की मी आधी व्हय म्हणते आन मग घाम पुसत बसते. प्रतिक्षाच्या लग्नात तेच झालं.

ही पोरगी बारामतीला चित्रकला शिकती. रिसेप्शनला कसली हेअरस्टाईल पायजे म्हणून तिनं मोबाईल दावला, तर त्यात दोनशे वर्सांपूर्वीचं विलायती चित्र. बाईच्या डोक्याव मधोमध भांग, दोन्ही कानांपाशी कुरळ्या बटांचं घोस, आन टाळूवर केसांचं तीन वेढं ताठ उभं. बाह्या तर उशीएवढ्या. तवाच्या बड्या घरच्या बायका असं नटून चित्रकारापुढं तासनतास बसायच्या म्हणं. तसल्या बाह्यांचं ब्लाऊज पोरीनं शिवूनबी घेतलं होतं. केसांसाठी मात्र बारामतीतल्या दोन पार्लरवाल्यांनी हात जोडलं. म्हणून तर मी व्हय म्हणलं. आता ते ऐन मांडवात कोसळलं असतं तर दोन तालुक्यांत माझं हसं झालं असतं.

केस काय उभं ऱ्हाईनात. जेल, स्प्रे, पिना, समदं करून बघितलं. शेवटी नवऱ्याच्या सेंट्रिंगच्या कामातली, सळ्या बांधायची बायंडिंगची तार आणली, काळ्या रिबिनीत गुंडाळली आन तिच्यावर केस चढवलं. अडीच तास गेलं, पर वेढं असं उभं ऱ्हायलं की मीच माझ्यावर खूश. प्रतिक्षानं आरशात बघितलं आन नुसती हसत बसली.

तेवढ्यात नवरदेवाची, म्हंजी ऋतिकची आज्जी नवरीच्या खोलीत आली. तानूबाई. त्यांच्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी जात न्हाय. थोरामोठ्यांच्या पाया पडताना सुनंच्या डोक्याव पदर पायजे, आन ह्या असल्या डोक्याव पदर ऱ्हाणार कसा, असं तिचं म्हणणं.

"सोड ते समदं," ती मला म्हणाली.

प्रतिक्षाचं डोळं भरलं. माझं टाळकंच सरकलं. बोटं सोलवटून घेतली होती मी, ती काय सोडायसाठी?

"आज्जी, आधी पदर टाकून तरी बघा," मी म्हणलं, आन ती काय बोलायच्या आत टाकलाबी.

पदर मधल्या वेढ्याला अडकला आन तितंच बसला. पोरगी साठ-सत्तर जणांच्या पाया पडली, वाकली, उठली, पर पदर तसूभर हालला न्हाय. आज्जी खुर्चीत बसून आशीर्वाद देत होती, आन दर खेपंला तिचाच पदर घसरत होता. तिची नजर नातसुनंच्या डोक्यावरनं हटंना. आता आपली खरडपट्टी निघणार, असं धरून मी खोलीत येऊन सामान आवरायला लागले.

पाया पडणं उरकलं तशी आज्जी खोलीत आली, दार लोटलं आन माझ्यापुढं स्टुलावर बसली. डोक्यावरचा पदर तिनं खाली घेतला. पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा होता.

"साठ वर्सं माझा एक हात ह्या पदरातच गुतलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "एकाच हातानं संसार केला म्हण. तार उरलीया का?"

तार वीतभर उरली होती. तिच्या अंबाड्याचा एकच वेढा झाला, पर ताठ झाला.

लग्नातला घरच्यांचा फोटो कवाबी बघा. आज्जी मधी उभी हाय, डोक्याव पदर हाय, आन दोन्ही हात कंबरंवर.